नाशिकहून मार्शल आर्ट्स शिकायला किती लांब जाण्यात अर्थ आहे?

अंबडवाला

नमस्कार. गोजू-र्‍यू कराटेत शोदान (पहिल्या पायरीचा काळा पट्टा) आहे, शिक्षण सगळं नाशिकमध्येच झालं. आता तीन गोष्टी शिकायच्या आहेत आणि तिन्हींसाठी गाव सोडावं लागेल असं दिसतंय. पकडीची कला, म्हणजे ज्युदो किंवा ब्राझिलियन जिउ जित्सू. लाठी आणि दांडपट्टा. आणि जुलैत चार-पाच आठवड्यांची रजा जुळतेय, त्यात केरळला कलरीपयट्टू किंवा थायलंडला मुए थाई. जपानमधलं ओकिनावाही मनात आहेच. कंपनीला सुट्टी फक्त शनिवारी, त्यामुळे दर शनिवारी मुंबई करावी असं सुचतंय.

कुठल्या कलेसाठी किती अंतर जावं आणि गेल्यावर नेमकं काय बिघडतं, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी सविस्तर लिहा. "जिद्द हवी" असले सल्ले भरपूर मिळालेत.

गाठ_आणि_गी

शनिवारच्या मुंबईचा हिशोब आधी कागदावर मांडा. पंचवटी एक्स्प्रेस नाशिकरोडहून सकाळी सातच्या सुमारास निघते, दादरला साडेदहाच्या आसपास पोचते. परतीची सीएसएमटीहून संध्याकाळी सव्वासहाला, घरी टेकायला रात्रीचे साडेदहा. सिडको-अंबड ते नाशिकरोड धरून पंधरा-सोळा तास गेले आणि मॅटवर मिळाले दोन. महिन्यात चार वेळा असं केलंत तर साठ तासांत आठ तासांचा सराव. त्याऐवजी महिन्यातून एकदा रविवारची रजा टाका, शुक्रवारी रात्री जा, शनिवारी सकाळ-संध्याकाळ आणि रविवारी सकाळ अशी तीन सत्रं करा. एका फेरीत सहा तास मॅट. शिवाय शनिवारी सकाळी जे चुकलं ते संध्याकाळी त्याच माणसावर पुन्हा करून बघता येतं, आणि पकडीची कला अशीच अंगात उतरते.

प्रवास करून थेट मॅटवर उतरणाऱ्यांचं काय दुखावतं तर जांघ आणि कंबर. साडेतीन तास बसून मांडीच्या वरचे स्नायू आखडलेले असतात आणि पहिल्याच रोलला (जमिनीवरच्या झटापटीला) कोणीतरी पाय दुमडून दाबतो. इगतपुरी आणि कल्याणला उठून दारापर्यंत फिरून या. क्लास सुरू व्हायच्या निदान वीस मिनिटं आधी पोचून खुब्यांच्या हालचाली, पाठीवर सरकणं, पूल (पाठीवर पडून कंबर वर उचलणं) हे करा, आणि पहिली फेरी अर्ध्या जोराने खेळा. खाणं अडीच तास आधी संपलेलं असावं. गाडीत समोर आला म्हणून कल्याणला वडापाव खाल्लात तर तो पोटावर गुडघा आल्यावर आठवेल.

दुसरा त्रास गजकर्णाचा. घामाने भिजलेला गी, म्हणजे सरावाचा पोशाख, बॅगेत चार तास कोंबून आणला की बुरशीला हवं ते सगळं मिळतं. सत्र संपल्यावर लगेच साबणाने अंघोळ करा, गी वेगळ्या पिशवीत ठेवा, आणि रात्री कितीही वाजले तरी तो धुवायला टाकूनच झोपा. कडा लाल आणि मध्ये फिकट असा गोल चट्टा दिसला की मॅट बंद आणि त्वचेच्या डॉक्टरकडे जायचं. मेडिकलवाल्याकडून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणून लावू नका. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आत पसरत राहते, आणि चट्ट्याचं रूप बदलल्यामुळे पुढे डॉक्टरलाही ओळखायला वेळ लागतो.

या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे नाशिकमध्ये चार माणसं गोळा करा. लांबून शिकून आलेलं फेकणं एकट्याने घोटता येत नाही. ६ बाय ६ मीटर जागा आणि १ बाय २ मीटरच्या अठरा मॅटी पुरतात. फेकायचं असेल तर ज्युदोच्या ४० मिमी जाडीच्याच घ्या. कोड्यासारख्या एकमेकांत अडकणाऱ्या २० मिमीच्या मॅटींवर फक्त जमिनीवरचं काम करावं. तिथे फेकलं की खालची फरशी खांद्याला लागते, आणि सांधे उघडले की त्यात पायाचं बोट अडकतं. मॅटींच्या चारही बाजूंना लाकडी चौकट ठोका, नाहीतर गुळगुळीत फरशीवर त्या सरकून मधोमध फट पडते.

आणि शोदान असलात तरी पहिले तीन-चार आठवडे फक्त पडणं शिका. मागे, दोन्ही बाजूंना, पुढून कोलांटी, हनुवटी छातीला. कराटेवाल्यांचा हात आपोआप जमिनीकडे जातो आणि मनगट, कोपर किंवा गळपट्टीचं हाड जातं.

नाशिकरोड_फलाट

वरचं पटलं, पण एका जागी मत वेगळं आहे. अगदी नवख्याने पहिले दोन महिने दर आठवड्याला जावं. महिन्याची फट पडली की नवख्याला आधीचं काहीच आठवत नाही, आणि दर वेळी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात होते. पाया बसला की मग महिन्यातून एकदा दोन दिवस, हे ठीक.

प्रवासाबद्दल थोडं. पंचवटीला मासिक पास चालतो, पण शनिवारीच जायचं तर पास परवडत नाही, आरक्षित तिकीटच काढा. गाडीने जाणार असाल तर समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो, मात्र आमण्याच्या पुढे ठाण्यापर्यंत वाचवलेला वेळ बऱ्याचदा गर्दीत जातो. दुचाकीला समृद्धीवर बंदी आहे. पुण्याचा विचार करत असाल तर अंतर २१० किमीच्या आसपास, सरळ रेल्वेमार्ग नाही, आणि चाकणच्या वाहतुकीमुळे पोचायची वेळ सांगता येत नाही. ठरलेल्या वेळेच्या क्लाससाठी मुंबईच बरी.

सरावानंतर स्वतः गाडी चालवत परत येऊ नका. पिंडऱ्यांत गोळे येतात, आणि क्लचवर पाय असताना गोळा आला तर घाटात काय होईल ते सांगायला नको.

फरीगदका

लाठी-दांडपट्ट्यासाठी कोल्हापूर हे बरोबर, मर्दानी खेळाची परंपरा तिथे आखाड्यांतून अजून चालू आहे. पण लगेच जाऊ नका. आपल्याकडून तिथे जायला बसने रात्रभराचा प्रवास, अंतर साडेचारशे किमीच्या घरात. तिथे जाऊन लाठी कशी धरायची हे शिकण्यात ते अंतर वाया जातं. लाठी आणि पवित्रे नाशिकमध्ये शिका. मग उन्हाळी किंवा दिवाळीच्या सुट्टीत सलग आठ-दहा दिवस कोल्हापूर धरा.

क्रम ओलांडू नका: आधी पवित्रे, मग एकहाती आणि दोनहाती लाठी, मग फरीगदका (ढाल आणि काठी), आणि पट्टा त्यानंतर. पट्ट्याची मूठ आत असते, खोबळ्याने, म्हणजे धातूच्या आवरणाने, पंजा आणि कोपरापर्यंतचा हात बंद होतो, त्यामुळे मनगट वळत नाही. वार खांद्यातून आणि कमरेतून काढावा लागतो. पातं लांब आणि लवचीक. हात मध्येच थांबवला तरी पातं थांबत नाही, लवून पुढे जातं आणि परत येतं. लाठीत ज्याचा हात आणि पाय एकत्र चालत नाही त्याची स्वतःचीच नडगी पहिल्यांदा सापडते. कराटेवाल्यांना कमरेचा उपयोग आधीपासून येतो, तो फायदा आहे. तोटा असा की ते वार करताना पाय रोवून उभे राहतात. पट्ट्यात पाय सतत फिरता हवा. सरावाला बोथट पातं वापरा, चहूबाजूंनी निदान चार मीटर मोकळं असू द्या, मागे कोणी उभं नाही हे दर वेळी वळून बघा. २०२४ मध्ये दांडपट्टा राज्यशस्त्र जाहीर झाल्यापासून तो आधी हातात घ्यायची घाई वाढली आहे, आणि हे मला खरंच काळजीचं वाटतं.

लाठी घेताना भरीव बांबू, सरळ, पेरं जवळजवळ, उंची जमिनीपासून कानापर्यंत. टोकांना तार किंवा पट्टी घट्ट बांधा, नाहीतर दुसऱ्या महिन्यात चिरते आणि कुसळं हातात जातात. जागा म्हणाल तर गोल्फ क्लब मैदानाचा एखादा कोपरा पहाटे साडेपाचला. सातनंतर फिरणाऱ्यांची आणि मुलांची गर्दी होते, तेव्हा लाठी नको.

कुस्तीचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी पकडीसाठी काही जण तालीम सुचवतील म्हणून लिहितो. कोल्हापूरच्या तालमीत शनिवार-रविवार पाहुणा म्हणून जाता येत नाही. पहाट आणि दुपारनंतर अशी दोन वेळची मेहनत, मधे झोप, दूध-तूप-बदामाचा खुराक, असं तिथे राहूनच जमतं, आणि राहण्याच्या खर्चापेक्षा खुराकाचा खर्च कितीतरी मोठा. नोकरी सांभाळून ते होणार नाही.

कर्किटक

जुलैची रजा असेल तर केरळ, डोळे मिटून. सकाळ-संध्याकाळ दीड-दीड तास, आठवड्याला एक सुट्टी, म्हणजे चार आठवड्यांत ७२ तास सराव. जाऊन-येऊन पन्नासेक तास रेल्वेत. वर गाठ_आणि_गी यांनी शनिवारच्या मुंबईचा जो हिशोब दिलाय त्याच्याशी ताडून बघा: एका तासाच्या सरावामागे केरळचा प्रवास मुंबईपेक्षा कमी भरतो. अंतर किलोमीटरमध्ये मोजलं की माणूस फसतो ते इथे.

मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस नाशिकरोडला थांबते आणि कोकण रेल्वेने थेट कोझिकोड, एर्नाकुलमला जाते. कोझिकोडला एरवी साधारण एक दिवस-रात्र. पावसाळी वेळापत्रकात कोकणात गाड्यांचा वेग कमी करतात, म्हणून पोचल्याच्या दिवशी सराव धरू नका. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी काढा.

उत्तरेकडची शैली हवी असेल तर वडकरा-कोझिकोड-कण्णूर पट्टा. वडकऱ्याजवळ मीनाक्षी अम्मांची कडत्तनाडन कलरी आहे, त्यांना २०१७ मध्ये पद्मश्री मिळाली. तिरुवनंतपुरमला ईस्ट फोर्टजवळ सीव्हीएन कलरी आहे. कुठेही जा, पण पोचून विचारू असं करू नका. दोन-तीन महिने आधी लिहून वय, आधीचं शिक्षण, जुन्या दुखापती, किती दिवस राहणार हे कळवा आणि राहण्याची सोय कुठे आहे ते विचारून घ्या.

कलरी म्हणजे ४२ बाय २१ फुटांचा, जमिनीखाली खोदलेला मातीचा चौक. दार पूर्वेला, नैर्ऋत्य कोपऱ्यात सात पायऱ्यांची पूत्तरा, म्हणजे देवतेचा ओटा. आत उजवं पाऊल टाकून जमिनीला हात लावून कपाळाला लावायचा, मग पूत्तरेला आणि गुरुक्कळांना (कलरीच्या गुरूंना) नमस्कार. हे न सांगता जमलं पाहिजे.

महिन्याभरात मेय्तारीच मिळेल, म्हणजे सरळ, आडव्या, फिरत्या लाथा, आसनं आणि त्यांचे ओघ (जोडून करायचे क्रम). गज, सिंह, अश्व, वराह, सर्प, मार्जार, कुक्कुट, मयूर ही आठ वडिवं, म्हणजे प्राण्यांवरून घेतलेले पवित्रे. त्यानंतर कोलतारी म्हणजे लाकडी शस्त्रं, मग अंकतारी म्हणजे धातूची. पंधरा दिवसांत उरुमी (लवचीक पात्याची तलवार) शिकवतो म्हणणारा भेटला तर तिथे पैसे भरू नका.

कराटेवाल्याचं तिथे काय अडतं? मावाशी गेरीची, म्हणजे बाजूने फिरवून मारायच्या लाथेची सवय. तुम्ही लाथेला खुबा उघडता आणि शेवटी गुडघ्यातून झटका देता. मेय्तारीची सरळ लाथ गुडघा न वाकवता, उभ्या पायाची टाच न उचलता, समोर उंच धरलेल्या तळहातापर्यंत न्यायची असते. मांडीच्या मागच्या शिरा पहिल्या आठवड्यात बोलू लागतात आणि माणूस कंबर वाकवून उंची चोरतो, मग पाठ धरते. म्हणून जायच्या सहा आठवडे आधीपासून रोज: खोल बैठकीत दोन मिनिटं, तीन वेळा, सरळ पायाची लाथ प्रत्येक पायाला २० च्या तीन फेऱ्या, कमरेच्या उंचीपासून सुरू करून, एका पायावर बसून उठणं खांबाला धरून ८ वेळा. पांडवलेणीच्या पायऱ्या चढायला जा, उतरताना सावकाश.

आता सगळ्यात मोठी गफलत. कर्किटकम महिना, साधारण १७ जुलै ते १६ ऑगस्ट, हा तेलाच्या उळिच्चिलचा, म्हणजे मालिशचा काळ. दोरीला धरून पायाने मालिश करतात ते चवुट्टी उळिच्चिल. ७, १४ किंवा २१ दिवसांचं असतं, आणि परंपरेने जितके दिवस मालिश तितकेच दिवस नंतर पथ्य आणि विश्रांती. लोक सकाळी कसून सराव, दुपारी मालिश, संध्याकाळी पुन्हा सराव असं गच्च बसवतात. मोकळ्या झालेल्या सांध्यांवर जोराच्या लाथा मारल्या की मांडी किंवा खुबा दुखावतो. चार आठवड्यांत एकच निवडा. शिकायला जाताय तर सराव, आणि मालिश घ्यायचंच तर गुरुक्कळ सांगतील तेव्हा, ७ दिवसांचं, शेवटी, आणि परत आल्यावर ७ दिवस सुट्टी शिल्लक ठेवून.

कपडे सुती आणि जास्त न्या. जुलैत तिथे काहीही वाळत नाही, लंगोटाचं कापड तीन तरी हवं. बोटांच्या बेचक्या रोज रात्री कोरड्या करा.

शिनगार्ड

थायलंडची बाजू मांडतो, थोडक्यात. चार आठवडे हातात असतील आणि उद्देश लढणं हा असेल तर मुए थाई कलरीपेक्षा लवकर उपयोगी पडतं. सकाळी सातच्या आसपास दोन तास आणि दुपारी चारनंतर दोन तास, आठवड्याला सहा दिवस. धावणं, दोरी, सावलीशी लढणं, प्रशिक्षकाबरोबर पॅडच्या तीन-तीन मिनिटांच्या तीन ते पाच फेऱ्या, बॅग, शेवटी मानेला धरून क्लिंच. पहिल्या आठवड्यात दिवसाला एकच सत्र करा, दुपारचं. पहिल्याच दिवसापासून दोन्ही करणारे पाचव्या दिवशी तापाने किंवा नडगीने झोपतात आणि आठवडा गमावतात. मीठ-साखर-पाणी जवळ ठेवा, नाशिकच्या हवेला सवयीच्या माणसाला तिथल्या दमटपणाची कल्पना येत नाही.

कराटेतून आलेल्यांनी तीन गोष्टी बदलाव्यात. तुमची लांब ठाण पुढचा पाय समोरच्याच्या लो किकला आयता देते, म्हणून ठाण आखूड करा आणि पुढच्या पायावरचं वजन कमी, नाहीतर तो पाय उचलून नडगीने अडवता येत नाही. पंच मारताना दुसरा हात कमरेला जातो, तो गालाला हवा. आणि लाथ पावलाच्या वरच्या भागाने न मारता नडगीने मारा. पॅडच्या कडेवर किंवा कोपरावर पाऊल आपटलं की बारीक हाडं जातात आणि बाकीचे आठवडे बसून काढावे लागतात.

जखम लहान असली तरी झाकून आणि कोरडी ठेवा. रिंगच्या कापडावरून जिवाणू लागून गळू होतं, लाल रेघ वर चढू लागली किंवा ताप आला की त्याच दिवशी दवाखाना. प्रवास विमा घेताना लढतीचे खेळ वगळले आहेत का ते पॉलिसीत वाचा. बहुतेक साध्या पॉलिसींत वगळलेले असतात, जास्तीचा हप्ता भरून ते जोडून घ्यावं लागतं. मुए थाईसाठी २०२४ पासून डीटीव्ही नावाचा पाच वर्षांचा व्हिसाही मिळतो, पण त्याला ५ लाख बाथ शिल्लक दाखवावी लागते आणि चार आठवड्यांसाठी त्याची गरज नाही. प्रवेशाचे नियम बदलत असतात, तिकिटाआधी दूतावासाची साइट बघा.

ओकिनावा गोजू-र्‍यूचं घरच आहे, त्यामुळे तुमचं मन ओढणार हे समजतं. पण तिथे दारावर जाऊन शिकता येत नाही. तुमच्या सेन्सेईंनी (गुरूंनी) त्यांच्या संघटनेमार्फत तिथल्या दोजोला (सरावशाळेला) पत्र लिहायला हवं. दोजो लहान असतात आणि बहुतेक ठिकाणी वर्ग संध्याकाळी, दिवसभर तुम्ही मोकळे. तिथे नवीन काता (हालचालींचा ठरलेला क्रम) मिळण्याची अपेक्षा ठेवू नका, सांचिन हा मूळ काता दुरुस्त होईल, खांदे, बरगड्या, श्वास, अंगठ्यांची पकड. म्हणून जायच्या आधी वर्षभर सांचिन रोज, आणि चि-इशी (दांड्याला लावलेलं वजन) व निगिरी-गामे (बोटांनी धरून उचलायच्या बरण्या) यांची सवय. चि-इशी घरी होते: लाकडी दांडा, सिमेंट, एक जुना डबा, सुरुवातीला ३ किलोच्या आतलं. शस्त्रं नेऊ नका, बो सहा फुटांचा असल्याने विमानात मोठ्या सामानात जातो आणि नुनचाकू केबिनमध्ये चालत नाही. तिथेच मिळतात.

अंबडवाला

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढ्या तपशिलाची अपेक्षा नव्हती. ठरलं असं: लाठी इथेच सुरू, पहिले दोन महिने शनिवारची मुंबई आणि मग महिन्यातून एकदा जोडून दोन दिवस, जुलैत केरळ. थायलंड पुढच्या वर्षी. एकच शंका. कर्किटक, केरळहून परत आल्यावर इथे चूक दाखवणारं कोणी नाही. शिकलेलं बिघडू नये म्हणून काय करायचं?

कर्किटक

तिथे असतानाच सुरुवात करा. रोज रात्री वही: कुठला ओघ, किती पावलं, कुठे वळण, आणि गुरुक्कळांनी कुठे हात लावून दुरुस्त केलं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण परत आल्यावर नेमक्या त्याच जागी शरीर जुन्या सवयीवर जातं. वायतारी, म्हणजे तोंडी आज्ञा, मल्याळममध्ये असतात. त्या देवनागरीत उतरवून घ्या आणि परवानगी असेल तर नुसता आवाज ध्वनिमुद्रित करा. इथे त्या आवाजावर सराव केला तर गती बिघडत नाही. व्हिडिओला बऱ्याच कलऱ्यांत परवानगी नसते, न विचारता फोन काढू नका.

इथे आल्यावर जे तीन ओघ पक्के झालेत तेवढेच करा. अर्धवट शिकलेला चौथा करू नका, तो चुकीचा पक्का होतो आणि पुढच्या जुलैचे आठ दिवस तो मोडण्यात जातात. आठवड्याला चार दिवस, चाळीस मिनिटं, मातीवर किंवा लाकडावर. फरशीवर उड्या मारल्या की टाचा धरतात. पंधरा दिवसांतून एकदा स्वतःचं चित्रण करा: फोन कमरेच्या उंचीवर, चार मीटर लांब, एकदा समोरून आणि एकदा बाजूने. समोरून खांदे तिरके होतात का ते कळतं, बाजूने लाथेच्या वेळी कंबर वाकते का ते कळतं. निघण्याआधीच गुरुक्कळांना विचारून ठेवा की महिन्याला एक चित्रफीत पाठवली तर बघाल का, आणि त्याची दक्षिणा काय. बघतो म्हणाले तर दर वेळी एकच ओघ पाठवा, तोही एक मिनिटाच्या आतला.